दोन चाव्यांचं कुलूप

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या खडूच्या कपाटाला जे गंजकं, जाडजूड कुलूप लटकलेलं आहे ना, ते मी. हसू नका. तुमच्यातल्या काही शहाण्यांनी माझ्या तोंडात पेन्सिलीची टोकं मोडली आहेत, तेही मी विसरलेलो नाही. पण आज तक्रार करायला बसलेलो नाही. गप्प आणि घट्ट राहणं हा कुलपाचा धर्म, तो मी जन्मभर पाळला आणि एकदा पाळायला नको होता तेव्हाही पाळला. त्याची गोष्ट मला सांगायची आहे. आज शनिवार आहे. परवा, सोमवारच्या आत ती तुमच्या कानांवर पडली पाहिजे.

नागभीडहून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर, जंगलाच्या कडेला हे आपलं गाव. इथल्याच इसरू लोहाराने मला घडवलं. बैलगाडीच्या चाकाची झिजलेली लोखंडी धाव त्याने तापवली, ठोकली आणि तिच्यातून मला काढलं. इसरू तोंडाचा फटकळ, पण हाताचा पक्का. मला बंद करून त्याने दोर बांधला आणि दोन बैलांकडून ओढवून पाहिलं. मी हललो नाही. तेव्हा तो अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "इसरूचं कुलूप हाय बाप्पा! चावीबिगर यमालेबी उघडत नाई!" माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. किती फुगलो होतो मी! ते फुगणं मला कुठे घेऊन गेलं, ते पुढे येईलच.

माझ्या चाव्या दोन केल्या, कोणत्याही एकीने मी उघडायचो, कारण मला तलावावर जायचं होतं. आपल्याकडे धान पिकतं ते तलावाच्या पाण्यावर. पाणी सोडायच्या तोंडाला तुडूम म्हणतात, त्या तुडुमाच्या साखळीला मी लागलो. एक चावी मालगुजाराकडे, कारण तलाव त्याचा. दुसरी केवळरामकडे. केवळराम ढिवराघरचा, मासे धरून पोट भरणारा. धानाचं हातभर शेत, आपण म्हणतो ती बांधी, त्याची त्या तलावाखाली नव्हती आणि नेमकी म्हणूनच पाणी वाटायची चावी त्याच्या कमरेला होती. गावाचा रिवाजच तसा होता. ज्याचं धान तलावाखाली, त्याने पाणी वाटायचं नाही. वाटणाऱ्याने धान निसवून लोंब्या धरेपर्यंत कोणत्याही शेतकऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि पाहणीला जायचं ते सांगून जायचं नाही.

केवळराम हे तिन्ही नेम सोवळ्यासारखे पाळायचा. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, तो यायचा तेव्हा वाळलं पान वाजत नसे. लोक म्हणत, "केवळराम येते तवा बगळाबी उडत नाई." चोरून पाणी फोडणारे त्याला यमदूत म्हणायचे, पण वाटणी चुकली असं कुणी म्हटलं नाही. तेरा वर्षं मी त्याच्या हाताने उघडलो आणि बंद झालो. त्याच्या बोटांना माशांचा वास यायचा. मला तो आवडायचा.

मग मालगुजारी गेली. तलाव सरकारचा झाला, तुडुमावर नवं दार आलं आणि मी केवळरामच्या झोपडीत आलो. त्याची बायको गिरजा हिने मला ताकाच्या मडक्याच्या झाकणीवर वजन म्हणून ठेवलं. मांजर ताक पिऊ नये एवढंच माझं काम! चार वर्षं मी तिथे गंजलो. तेव्हा मला फार वाईट वाटायचं. आता वाटतं, अरे, ती चार वर्षंच सुखाची होती.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर गावात डॉक्टर टेंबेकर आले. गावाबाहेर तेंदूपत्त्याचं जुनं गोदाम होतं, ते त्यांनी मागितलं. हिवतापावर नवं औषध शोधायचं होतं आणि ते आधी माकडांवर तपासायचं होतं. तुम्ही म्हणाल, मारुतीच्या गावात माकडं द्यायला कोण तयार होणार? पण त्या वर्षी माकडांनी लाखोळीचं उभं पीक साफ केलं होतं. लोक चिडलेले होते आणि घराघरात हिवतापाने माणसंही पडत होती. केवळरामच्या झोपडीजवळच्या चावडीसमोर सभा भरली. सरपंच गुणवंतराव म्हणाले, "घेऊन जा साहेब, जेवढे पायजे तेवढे."

तेव्हा मागून रुखमाबाई उठली. ही फुटाणे-मुरमुरे विकणारी एकटी म्हातारी. तिला ना लेकरू, ना शेत, ना कुणाची भीड.

"चोर झाला म्हून त्याचे हाल करता का गा?" ती म्हणाली. "माकडं न्याचे तं न्या. पण तिथी काय होऊन राह्यलं ते आमच्यातल्या कोणीतरी पाहाले पायजे. काम करणाऱ्यानंच आपलं काम बराबर हाय म्हणाचं, हे कुठलं चालते?"

डॉक्टर रागावले नाहीत, हे मला सांगायलाच हवं. ते म्हणाले, "बरोबर आहे. तुमच्यातला माणूस नेमा. तो कधीही येईल, काहीही पाहील." मग गोष्टी ठरल्या. औषधाचा परिणाम पाहायला पोट चिरायचं तर आधी गुंगीचं औषध द्यायचं. एकदा चिरलेलं जनावर पुन्हा चिरायचं नाही. त्याच्या शेपटीच्या टोकाचे केस कातरायचे, म्हणजे कुणालाही ओळखता येईल. जखम भरली की त्याला जंगलात सोडायचं. आणि माकडांच्या खोलीला दोन चाव्यांचं कुलूप लावायचं, एक चावी डॉक्टरांकडे आणि दुसरी गावाच्या माणसाकडे.

गावाचा माणूस कोण, यावर वादच झाला नाही. सगळ्यांच्या माना केवळरामकडे वळल्या. गिरजाने मला मडक्यावरून उचललं, राखेने घासलं आणि तेल पाजलं. मी पुन्हा फुगलो.

गोदामाच्या अर्ध्या भागात डॉक्टरांचं टेबल होतं आणि अर्ध्या भागात जाळीच्या दाराआड अकरा माकडं. मी त्या दाराला. माकडांना खाऊ-पाणी देणारा झिंगू नावाचा गडी होता. मनाने बरा, पण कायम घाईत. त्याने एका माकडिणीचं नाव सोमारी ठेवलं, कारण ती सोमवारी सापडली होती. सोमारी लाल तोंडाची, एका कानाचा तुकडा गेलेली आणि भारी खोडकर. पहिल्या दिवसापासून तिला माझाच नाद लागला. जाळीतून दोन बोटं बाहेर काढायची आणि मला हलवायची. खळ् खळ्. मग थांबायची, मान वाकडी करून माझ्याकडे पाहायची आणि पुन्हा एकदा. खळ्. झिंगू म्हणायचा, "इसरूचं कुलूप हाय ते, सोमारे! तुया बापालेबी उघडाचं नाई!" आणि मला अभिमान वाटायचा.

पहिले दोन महिने सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. केवळराम कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दोन दिवस लागोपाठ यायचा. त्याची चाहूल मलासुद्धा लागत नसे. एकदम कमरेची चावी माझ्या पोटात. आत जाऊन तो एकेकाचं शेपूट पाहायचा, पाण्याची कुंडी हाताने चाचपायचा. डॉक्टर चहा विचारायचे. तो म्हणायचा, "नाई साहेब. इथलं पाणी मले चालत नाई." सोमारीला एकदा चिरलं, तेही गुंगी देऊन. तिच्या शेपटीचे केस केवळरामनेच कातरले. जखम भरली की ती सुटणार होती.

आणि मग रंभाला ताप आला.

रंभा ही केवळरामची नात, सात वर्षांची. हिवतापाने चार दिवसांत पोर अशी झाली की तिला उचलताना गिरजा रडायची. डॉक्टर स्वतः त्यांच्या झोपडीत गेले. तीन दिवस ते तिथे येत-जात राहिले. आपल्या पेटीतल्या गोळ्या दिल्या, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. रंभा वाचली. मित्रांनो, हे खोटं नाही आणि लहानही नाही. ती आज तुमच्याच शाळेत चौथीत आहे.

त्यानंतर केवळराम आला तो हातात पानात गुंडाळलेला मरळ मासा घेऊन. डॉक्टरांनी दिलेला चहा तो प्यायला. आणि मित्रांनो, त्या दिवसापासून एक फार बारीक गोष्ट बदलली. केवळराम खाकरू लागला.

मोठ्या माणसाच्या घरी जाताना आपण दारापासून खाकरतो, हो ना? आत बायामाणसं असतील, कुणी आडवं झालं असेल, म्हणून आवाज द्यायचा. ही आपली रीत. केवळरामच्या मनात पाप नव्हतं. ज्या माणसाने नातीचा जीव वाचवला, त्याच्या दारात चोरपावलांनी कसं जायचं? म्हणून तो लांबच्या मोहाच्या झाडापासूनच घसा साफ करायचा. "अहं, अहं!" तिथून गोदामापर्यंत यायला त्याला एक चिलीम भरण्याइतका वेळ लागायचा.

तेवढा वेळ पुरायचा.

त्याच दिवसांत डॉक्टरांना वरून पत्रांवर पत्रं येत होती. पावसाळ्याआधी निकाल पाहिजे. माकडं खोल जंगलात गेली होती, नवी सापडत नव्हती. गुंगीच्या औषधाची बाटली वडशाहून येताना गाडीत फुटली आणि दुसरी येईना. डॉक्टर दोन आठवडे थांबले. मग थांबले नाहीत. सोमारी खोडकर, पण माणसाळलेली होती, चावत नव्हती. तिला पुन्हा घेतलं. नंतर आणखी एकदा. दोन्ही वेळा गुंगीशिवाय.

मी जाळीच्या दारावर होतो आणि टेबल माझ्यासमोर होतं. डोळे मिटायची सोय इसरूने मला दिली नव्हती. तो आवाज कसा होता हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. एवढंच सांगतो की झिंगू बाहेर जाऊन उभा राहिला होता.

मोहाच्या झाडाकडून "अहं, अहं" ऐकू आलं की झिंगू सोमारीला उचलून मागच्या कोठीत नेऊन ठेवायचा. केवळराम यायचा, मला उघडायचा, उरलेली माकडं पाहायचा. कुंडीत पाणी असायचं. एकदा त्याने विचारलं, "सोमारी नाई दिसत?" डॉक्टर खाली पाहत म्हणाले, "तिला सोडलं. जखम भरली ना." केवळराम खूश होऊन म्हणाला, "बेस केलं, साहेब." त्याच्या पाठीमागे, एका भिंतीपलीकडे सोमारी होती. तो चहा पिऊन गेला.

आता माझं पाप ऐका.

एके दुपारी झिंगूने तिला कोठीतून परत आणून आत ठेवलं आणि घाईघाईत मला नीट दाबलंच नाही. माझी दांडी खाचेत अर्धीच बसली. सोमारी दाराशी आली. दोन बोटं बाहेर काढली आणि मला ओढलं. खळ् खळ्. दांडी सरकू लागली. मित्रांनो, आणखी एक हिसका बसला असता आणि मी सैल सुटलो असतो तर दार उघडं होतं. बाहेर कुणी नव्हतं आणि जंगल समोरच होतं. पण माझ्या कानात इसरूचं ते ओरडणं भरलेलं होतं. चावीबिगर यमालेबी उघडत नाई! चावीशिवाय उघडलं ते कुलूप कसलं? मी सगळा जोर लावला आणि दांडी घट्ट धरली. सोमारीने शेवटचं ओढलं. खळ्. मग ती माझ्याकडे पाहत राहिली.

कुणी मला शाबास म्हटलं नाही.

इकडे केवळरामच्या घरी काय झालं, ते मला पुढे सभेत त्याच्याच तोंडून कळलं. एके सकाळी तो गोदामाकडे निघाला, तेव्हा गिरजा जाळं विणता विणता हसून म्हणाली, "अवो, तलावावर जात होते तवा मांजरावाणी जात होते. अन् डाक्टरकडं खाकरत जाता. डाक्टर तुमचा व्याही लागते का?"

ती थट्टाच होती. पण केवळराम उंबऱ्यातच थांबला. त्या दिवशी तो गेला नाही आणि जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तो वाळलं पान न वाजवता. डॉक्टर टेबलाशी डोकं टेकून बसले होते. झिंगू पाण्याला गेला होता. मला चाहूलसुद्धा लागली नाही. एकदम ती जुनी चावी माझ्या पोटात आणि माशांचा वास.

तो आत गेला. सोमारी कोपऱ्यात बसली होती, पोटाला पट्टी आणि पट्टीवर ओलं रक्त. कान तुटका. शेपटीच्या टोकाचे केस कातरलेले, त्याच्याच हाताने. ती त्याच्याकडे सरकली आणि तिने आपला हात लांब करून त्याच्यापुढे धरला, तळवा वर करून. जो माणूस आत येतो तो धरून न्यायला हात मागतो, एवढंच तिला आता ठाऊक होतं. म्हणून तिने आपणहूनच दिला.

केवळराम तिच्यापुढे बसला. त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखा रडला.

डॉक्टर दाराशी येऊन उभे राहिले. "केवळराम, आज आवाज दिला नाहीत," ते म्हणाले.

"देत होतो तेच चुकलं, साहेब."

"ऐका माझं. ज्या गोळ्यांनी तुमची नात वाचली, त्याही आधी कुठल्यातरी माकडावर तपासल्या होत्या. मी हे मजेसाठी करतो का?"

"नाई, साहेब. तुमी देवमाणूस हा. मले मालूम हाय," केवळराम डोळे पुसत म्हणाला. "म्हूनच तं मी आंधळा झालो."

त्याच संध्याकाळी गोदामासमोरच सभा झाली. केवळरामने कमरेची चावी काढून गुणवंतरावांपुढे जमिनीवर ठेवली. पाहिलेलं सगळं सांगितलं, आपलं खाकरणंही सांगितलं. मग म्हणाला, "ही चावी मले नको. माही बांधी आता त्या तलावाखाली आली."

गावातल्या लहान पोरालाही त्याचा अर्थ कळत होता. डॉक्टरही सभेत होते. ते उठले आणि म्हणाले, "मी शब्द मोडला. काम बंद करा म्हणालात तर करतो."

"बंद कराले कोण म्हणते?" रुखमाबाई फणकारली. "औषध पायजेच हाय. गावात लेकरं मरून राह्यले. पण शब्दबी पायजे. आना ती चावी इकडं."

"रुखमाबाई, तू?" गुणवंतराव म्हणाले. "जाशील तवा जरा आवाज देऊन जाजो. साहेब मानूस हाये."

"काऊन? माया गळ्यात काई अडकलं हाय का खाकराले?"

सभा हसली. केवळराम तेवढा हसला नाही.

सोमारी तिसऱ्या दिवशी गेली. आधीचे दोन दिवस ती दाराशीच पडून होती. अधूनमधून दोन बोटं वर यायची. खळ् खळ्. थांबायची. खळ्. तिसऱ्या दिवशी भर दुपारी बोटं वर आली, खळ् खळ् झालं, ती थांबली. मी वाट पाहिली. ती तिसरी खळ् अजून आलेली नाही.

केवळरामने नवं फडकं आणून तिला गुंडाळलं आणि मोहाखाली पुरलं, नेमकं तो जिथून खाकरायचा तिथे. डॉक्टर अनवाणी येऊन उभे राहिले. ते आणखी दहा महिने इथे होते. रुखमाबाई फुटाण्याची टोपली घेऊन वाटेल तेव्हा टपकायची आणि त्यांच्या घरचा चहा एकदाही प्यायली नाही. गुंगीचं औषध संपलं की काम थांबायचं. उरलेली माकडं एकेक करून जंगलात गेली. डॉक्टर निघाले तेव्हा त्यांनी रुखमाबाईला नमस्कार केला. तीही म्हणाली, "आता चहा पाजा."

त्यानंतर मी या शाळेत आलो. तीन वर्षं झाली. दुपारी तुम्ही घरी गेलात आणि शाळा रिकामी झाली की मला ते ऐकू येतं. खळ् खळ्. वारा नसतो, उंदीर नसतो. कपाटाजवळ कुणी नसतं. मी तिसऱ्या आवाजाची वाट पाहत राहतो आणि तो येत नाही. तुमच्या गुरुजींनी एकदा पाहिलं की मी आपोआप हलतो आहे. ते म्हणाले, भिंत जुनी झाली.

आणि आता तुम्हाला कळेल की मी का बोललो. काल नव्या गुरुजींनी या कपाटात एक मडकं ठेवलं. तोंडाला ओलं फडकं बांधलं आहे. आत पाच बेडूक आहेत. सोमवारी सातवीच्या वर्गाला बेडकाचं काळीज कसं धडधडतं ते दाखवणार आहेत. हेडगुरुजींनी विचारलं, गुंगीचं औषध? ते म्हणाले, "मागवलं होतं, आलं नाही. चालतं हो, बेडूकच तर आहे." मला बंद केलं आणि माझ्या दोन्ही चाव्या एकाच खिळ्याला अडकवल्या. त्यांच्याच खुर्चीमागच्या खिळ्याला.

मित्रांनो, नवे गुरुजी वाईट नाहीत. डॉक्टरही वाईट नव्हते आणि केवळराम तर सोन्यासारखा माणूस होता. त्यातून मी एवढंच शिकलो की चांगल्या माणसावरही पाहणारा असावा लागतो, आणि पाहणारा असा असावा की ज्याची बांधी त्या तलावाखाली नाही. तुम्ही शिका, बेडकाचं काळीजही पाहा, डॉक्टर व्हा. पण त्या खिळ्यावरची एक चावी मागून घ्या आणि रुखमाबाईला नेऊन द्या. म्हातारी थकली आहे, पण डोळे तिचे शाबूत आहेत. रंभाला विचारा, ती घर दाखवेल. आणि म्हातारीबरोबर शाळेत याल तेव्हा, हात जोडतो, फाटकापासून खाकरू नका.

आणि चावी नाहीच मिळाली, तर सोमवारी प्रार्थनेआधी कपाटाशी या. दोन बोटांनी मला हलवा. खळ् खळ्. जरा थांबा आणि मग एकदा ओढा. इसरूचं नाव गेलं तर जाऊ दे. या वेळी मी धरून ठेवणार नाही.